घेणाऱ्याच्या मापाचं देणं

जयपूरच्या उत्तरेला विद्याधर नगर आहे. 1727 साली वसलेल्या जयपूरच्या आखणीचं श्रेय ज्यांना दिलं जातं, त्या विद्याधर भट्टाचार्य यांच्यावरून हे नाव पडलं. 1980च्या दशकात या नव्या उपनगराचा आराखडा केला पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी. त्यासाठी त्यांनी आधी जुनं जयपूर न्याहाळलं. माणसं कशी राहतात ते आधी बघायचं, मग रेघ ओढायची! याच शहरानं हीच रीत दानधर्मातही आणली, आणि ती गोष्ट थक्क करणारी आहे.

पण आधी देण्याचीच एक जुनी गोष्ट. नाताळच्या भेटवस्तूंचं एक मूळ संत निकोलसच्या आख्यायिकेत सापडतं. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा इथला हा बिशप. हुंड्याअभावी तीन मुलींची लग्नं अडलेल्या एका गरीब बापाच्या घरात त्यानं म्हणे रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकल्या. नाव सांगितलं नाही, आणि दिलं ते नेमकं अडलेलं. नाताळात असा देण्याचा उमाळा येतो, पण डिसेंबर सरला की तो ओसरतो. तो बारा महिने टिकवायचा कसा, याचं उत्तर जयपूरच्या एका रबरी पायात आहे.

1960च्या दशकात सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांना एक कोडं पडलं होतं. परदेशी धाटणीचे कृत्रिम पाय मिळूनही लोक ते वापरत नव्हते. कारण साधं होतं. त्या पायाला बूट लागायचा, आणि आपला माणूस देवळात, स्वयंपाकघरात, शेतात अनवाणी जातो. त्या पायानं उकिडवं बसता येईना, मांडी घालता येईना. देणाऱ्यानं स्वतःच्या सवयी घेणाऱ्यावर लादल्या होत्या.

वाट काढली रामचंद्र शर्मा या कारागिरानं. शिक्षण जेमतेम, हातात मात्र जादू; सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. ट्रकच्या टायरवर नवं रबर चढवताना पाहून त्यांना कल्पना सुचली, असं सांगतात. टाचेत आणि चवड्यात हलकं स्पंजासारखं रबर, घोट्यात लाकूड, वरून टायरचं चिवट रबर. हे सगळं साच्यात घालून तापवलं की एकजीव पाऊल तयार! रंग कातडीचा, बोटंसुद्धा दिसतात. ते सगळ्या बाजूंना वाकतं, म्हणून ढेकळांतून चालता येतं. पाण्याची भीती नाही, म्हणून चिखलातही उतरता येतं. ते वर्ष होतं 1968.

पण उत्तम वस्तू हाताशी आली म्हणजे ती गरजूंपर्यंत पोचतेच असं नाही. पुढच्या सात वर्षांत हा पाय मिळाला जेमतेम 59 जणांना. 1969च्या अपघातात स्वतःचा पाय गमावता गमावता वाचलेले सनदी अधिकारी देवेंद्रराज मेहता यांनी 1975 साली भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली, आणि चित्र पालटलं. मालवीय नगरातल्या तिच्या केंद्रात पायाला पैसे पडत नाहीत. लांबून आलेल्यांची राहण्या-जेवणाची सोय होते. उरलेल्या पायाचा प्लास्टरचा साचा घेतात, एचडीपीई प्लास्टिकचा जाड पाइप तापवून मऊ करतात आणि त्यावर ओढून बसवतात. गुडघ्याखालचा पाय बऱ्याचदा त्याच दिवशी तयार होतो. पाय, कुबड्या, कॅलिपर, तीनचाकी धरून आजवर 20 लाखांहून अधिक लोकांना इथून मदत पोचली आहे.

पाऊल तेच, कारागिरीही तीच. बदलली ती व्यवस्था. गावाहून आलेल्या मजुराला चार खेपा घालायला लावल्या तर त्याची रोजंदारी बुडते, आणि फुकटचा पायही महाग पडतो. हे कुणीतरी आधी ओळखलं. शिवाय या पावलाचं पेटंट कुणी घेतलं नाही. त्यामुळे ते कुणीही, कुठेही बनवू शकतं. वस्तूबरोबर ती बनवायची विद्याही देऊन टाकली!

उदारपणा वर्षभर टिकवायला मन सतत भरून यावं लागत नाही; घेणाऱ्याची सोय बघणारी व्यवस्था लागते. आपल्याही घरात हे जमण्यासारखं आहे. कपडे देण्याआधी माप विचारावं; शिकवायला बसायचं तर मुलाला सोयीची वेळ धरावी; रुग्णाला डबा द्यायचा तर पथ्य विचारून, ठरल्या वारी, न चुकता. एवढं केलं की देणं सणाची वाट बघत नाही, आणि घेणाऱ्यालाही हात पसरल्यासारखं वाटत नाही.