आधी जवळचा फटका : गोल्फ शिकताना उजळलेलं एक अध्यापन सूत्र



गोल्फ म्हटलं की आपण म्हणतो, "हा मोठ्या लोकांचा खेळ, आपला काय संबंध?" मीही तेच म्हणायचे. पण आमच्या आपट्याहून पनवेल ओलांडून पुढे गेलं की खारघरला, डोंगराच्या कुशीत, सिडकोचं गोल्फ मैदान आहे. माझा मामेभाऊ गोल्फ खेळतो. मे महिन्याच्या सुट्टीत त्याने आमच्या घरामागच्या रिकाम्या शेतात मला शिकवायला घेतलं. मला वाटलं, आता जोरात चेंडू टोलवायचा! पण त्याने उलटं केलं. म्हणाला, "ताई, आधी जवळचा फटका."

असं का? चला, समजून घेऊया.

छोट्या फटक्याचं महत्त्व

गोल्फमध्ये २०० मीटरचा फटका एक मोजतात आणि एका हातावरून हलकेच ढकललेला चेंडूही एकच मोजतात. भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताला ग्रीन म्हणतात. भोक असतं जेमतेम १०८ मिलिमीटर रुंद. नवशिक्याचा चेंडू बहुतेक वेळा ग्रीनच्या अलीकडेच थांबतो. तिथून १०-२० मीटरवरून तो भोकाजवळ नेणं, हाच छोटा फटका. तो जमला तर एक-दोन फटके वाचतात. एका फटक्याची किंमत काय असते? टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली अदिती अशोक चौथी आली. पदक फक्त एका फटक्याने हुकलं.

दोन प्रकार

१) चिप : चेंडू थोडाच उडतो आणि जास्त घरंगळतो. मध्ये अडथळा नसेल तर नवशिक्यासाठी हाच सोपा.

२) पिच : चेंडू उंच उडतो आणि पडल्यावर कमी पळतो. मध्ये वाळूचा खड्डा किंवा उंचवटा असेल तर हा लागतो.

चिप कशी मारायची? (उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी)

- पाय जवळ ठेवा, वजन थोडं डाव्या पायावर.
- चेंडू दोन्ही पायांच्या मध्याच्या किंचित उजवीकडे.
- मनगट न मोडता, लंबकासारखे खांदे हलवा.
- अंतर वाढवायचं असेल तर जोर वाढवू नका, काठी थोडी जास्त मागे न्या.

आणि सर्वात महत्त्वाचं, भोकाकडे बघून मारू नका. चेंडू कुठे टप्पा खाणार ती जागा आधी ठरवा. सपाट ग्रीनवर पिचिंग वेजने मारलेला चेंडू जेवढा उडतो, साधारण त्याच्या दुप्पट घरंगळतो. म्हणजे भोक १२ मीटरवर असेल तर टप्पा ४ मीटरवर! हा अंदाज आहे. उतार आणि गवत बघून तो बदलावा लागतो. पाचवीच्या मुलांना गुणोत्तर शिकवायला याहून छान उदाहरण कुठलं?

माझी चूक

पहिले दोन दिवस मी चेंडू उचलायला बघत होते. काठी खालून वर ओढायची, की चेंडू जागेवरच किंवा सरपटत थेट बांधापलीकडे! भाऊ हसून म्हणाला, "काठीचं पातं तिरकं कशाला केलंय? चेंडू उचलणं हे त्याचं काम. तू फक्त चेंडू आणि जमीन भेटतात तिथे ते खाली येऊ दे." दुसरी चूक म्हणजे लांब जाईल या भीतीने ऐन वेळी हात थांबवायचा. अर्धवट फटका कधीच नीट जात नाही.

तेव्हा मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. वाचताना जोडाक्षर आलं की तो अडतो, आवाज बारीक होतो. मी त्याला "मोठ्याने वाच" म्हणायचे. आता कळलं, त्याला जोर नको होता. चुकण्याची भीती होती आणि ती मीच वाढवत होते. जूनपासून त्याला दोन-दोन शब्दांच्या ओळी देते आणि चुकला तरी ओळ पूर्ण करायला लावते. अजून अडतो, पण थांबत नाही.

घरी सराव

काठी नसली तरी चालेल. अंगणात खडूने एक गोल काढा, त्याच्या पुढे बादली आडवी ठेवा. मुलांनी टेनिसचा चेंडू हाताखालून असा टाकायचा की तो गोलात टप्पा खाऊन बादलीत जाईल. तीन पावलांवरून सुरुवात करा, दहापैकी सहा जमले की एक पाऊल मागे. काठी वापरणार असाल तर मऊ प्लॅस्टिकचेच चेंडू घ्या आणि बाकीची मुलं मारणाऱ्याच्या मागे, लांब उभी करा.

डी.एड.ला आपण सगळ्यांनी पाठ केलं होतं, सोप्याकडून कठीणाकडे. मला ते खरं समजलं शेतात, चाळीस चेंडू चुकवल्यावर. तुम्हीही या सुट्टीत एखादी न येणारी गोष्ट शिकायला घ्या. आपल्या वर्गातल्या मागे पडणाऱ्या मुलाला काय वाटत असेल, ते आपोआप कळेल.