कंबर धरली म्हणून दर्या सोडू नका



1 ऑगस्टला बंदी उठली की पंधरा दिवसांत आमच्या कचेरीत तोच विषय निघतो. "सेक्रेटरी, कंबर धरली, खाडा पडणार." आमच्या एका तांडेलाने तर दोन मोसम पट्टा आवळून आणि दुखीच्या गोळ्या खाऊन काढले. शेवटी घरात बोट विकायच्या गोष्टी सुरू झाल्या. तेव्हा आम्ही त्याला फिजिओथेरपिस्ट बाईंकडे घेऊन गेलो.

बाईंनी त्याला वाकायला सांगितले. हात गुडघ्यापर्यंत गेले आणि तो थांबला. पाठ फळीसारखी ताठ. त्यांनी समजावले ते असे : निरोगी माणूस पूर्ण खाली वाकला की कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू सैल पडतात. फ्लॉइड आणि सिल्व्हर या संशोधकांनी 1950 च्या दशकात स्नायूंतली वीज मोजून हे दाखवले. पण ज्यांची कंबर तीन महिन्यांहून जास्त दुखते, त्यांतल्या पुष्कळांचे स्नायू वाकल्यावरही आवळलेलेच राहतात. जाळे वर आले तरी दोर ताणून धरावा, तसे. मग स्नायू दमतात, कणा कमी वाकतो, भीती वाढते आणि माणूस आणखी ताठ होतो.

म्हणून महिनोन् महिने पडून राहणे हा उपाय नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली जुनाट कंबरदुखीसाठी व्यायामाची शिफारस केली, पट्टा मात्र नेहमीचा उपाय म्हणून नको म्हटले. आमच्या तांडेलाला रोज चालणे, पाठीवर झोपून गुडघे छातीशी घेणे, मांजरासारखी पाठ वर-खाली करणे, एवढ्यावरच सुरुवात करून दिली. कोणाला काय झेपेल ते तपासून घेऊनच ठरवा.

बोटमालकांनो, क्रेट तुडुंब भरू नका. जड क्रेट दोघांनी, अंगाजवळ धरून उचलू दे. वळताना कंबर पिळू नका, पाय वळवा. जाळे ओढायला माणसे आलटून-पालटून लावा. पाटी उचलणाऱ्या आमच्या बहिणींनाही हेच सांगणे.

पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, किंवा कंबरदुखीबरोबर ताप आला, तर व्यायाम नको. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तो तांडेल या मोसमात पुन्हा सुकाणूवर आहे. दुखणे पूर्ण गेलेले नाही, क्रेट अजून पोरेच उचलतात. पण बोट विकली नाही. तुमच्या बोटीवर कोणी गुपचूप सोसत असेल, तर त्याला कचेरीत घेऊन या.