अहवालामागची रात्र

स्लीप स्टडीसाठी ज्यांनी एक रात्र प्रयोगशाळेत काढली आहे, त्यांना ती सहसा विसरता येत नाही. डोक्याला चिकटवलेल्या तारा, नाकाशी नळी, छातीला नि पोटाला पट्टे, बोटाला चिमटा. आणि अशा थाटात 'नेहमीसारखे झोपा' ही सूचना! सकाळी केसांतला तो चिकट लेप धुता धुता एक बादली पाणी संपते. एवढ्या सायासानंतर काही दिवसांनी हाती येतात ती दोन-तीन पाने, आणि त्यांतही सर्वांची नजर जाते ती एकाच आकड्यावर: ए.एच.आय. म्हणजे झोपेच्या दर तासाला श्वास किती वेळा थांबला वा उथळ झाला, त्याची सरासरी. ५ पेक्षा कमी असल्यास चिंता नाही, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र.

माझ्या सासूबाईंचा आकडा ११ आला होता. वय शहात्तर. सकाळी डोके जड, दुपारी वर्तमानपत्र हातात धरूनच डुलकी. 'सौम्य आहे, वयोमानाने होतेच' असे ऐकून आम्ही निर्धास्त झालो. त्यांनाही तोंडावर मास्क बांधून झोपायचे नव्हतेच. सहा महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा त्यांनी अहवाल बाजूला ठेवून विचारले, "त्या रात्रीची मूळ नोंद आहे का तुमच्याकडे?"

अशी काही वस्तू असते, हेच आम्हांला ठाऊक नव्हते.

आपणांसही नसेल, तर थोडे सविस्तर सांगते. त्या रात्री संगणक अनेक रेषा एकाच वेळी टिपत असतो: मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, हनुवटीच्या स्नायूंचा ताण, हृदयाचा आलेख, नाकातील हवेचा प्रवाह, छाती-पोटाची हालचाल, रक्तातील प्राणवायू, आणि आपण कोणत्या कुशीवर आहोत तेही. तंत्रज्ञ ही नोंद तीस-तीस सेकंदांच्या पानांनी वाचतो. आठ तासांची अशी ९६० पाने होतात. त्यांचे सार म्हणजे आपला अहवाल.

आम्ही नोंद मागावयास गेलो, तेव्हा खिडकीवरचे उत्तर ठरलेले होते: "रिपोर्ट दिलाय ना? ते आम्ही देत नाही." लेखी अर्ज केला. तिसऱ्या खेपेस पेन ड्राइव्ह हाती आला. डॉक्टरांच्या पडद्यावर रात्र उलगडली. पहाटे तीनपर्यंत बहुतांशी शांतता होती. नंतर सासूबाई उताण्या झाल्या, स्वप्नांची झोप लागली, आणि एकामागून एक श्वास थांबू लागले. प्राणवायू ७४ टक्क्यांपर्यंत उतरला होता. उरलेल्या शांत तासांनी सरासरीत तो एक भयंकर तास झाकून टाकला होता. खरे सांगायचे, तर अहवालाच्या दुसऱ्या पानावरील तक्त्यात उताण्या स्थितीचा आणि स्वप्नावस्थेचा आकडा वेगळा दिलेला होता. आम्हीच तो वाचला नव्हता. म्हणून आधी आपला तक्ता पाहा. कदाचित पुढचे श्रम वाचतील.

पण तक्ता पाहणे आणि रेषा पाहणे यांत अंतर आहे. सासूबाई पडद्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढी धडपडते होय मी?" त्या महिन्यात त्यांनी मास्क लावला. कुरकुर अजून आहे, पण लावतात.

आकड्याबाबत आणखी दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. उथळ श्वास कशाला म्हणावे, याचे दोन मापदंड प्रचारात आहेत. एकात प्राणवायू ३ टक्के उतरला वा झोप चाळवली तरी नोंद होते. दुसऱ्यात ४ टक्के उतरावा लागतो. रात्र तीच, पण आकडे दोन! आपल्या अहवालात कोणता मापदंड वापरला, हे विचारून घ्यावे. दुसरी गोष्ट घरी होणाऱ्या चाचणीची. तिच्यात बहुधा मेंदूच्या लहरी नसतात, म्हणून झोपेऐवजी यंत्र चालू असलेल्या तासांनी भागाकार होतो. श्वास ६० वेळा अडखळला आणि यंत्र आठ तास चालले, तर आकडा ७.५ येतो, प्रत्यक्ष झोप चारच तास लागली असेल, तर तो १५ असायला हवा. वृद्धांची रात्र पुष्कळदा टक्क जागेपणी जाते. त्यांच्या बाबतीत ही फसगत अधिक.

फाइल मागताना 'ईडीएफ' स्वरूपात मागावी. युरोपियन डेटा फॉरमॅट हा सामाईक साचा १९९२ पासून प्रचारात आहे आणि 'ईडीएफ ब्राउझर' या मोफत प्रोग्रॅममध्ये तो घरच्या संगणकावर उघडतो. नातवंडांना हाताशी धरावे. त्यांना यात गंमत वाटते. तंत्रज्ञाने घातलेल्या खुणा पुष्कळदा त्या फाइलीत उतरत नाहीत. त्याही मागून घ्याव्यात.

मेंदूच्या लहरींच्या वाटेला आपण जाऊ नये, ते शिकलेल्याचे काम. श्वासाच्या रेषा मात्र सामान्य माणसालाही उमगतात. पाच-पाच मिनिटांचा पट्टा समोर घ्या. नाकाची रेषा दहा सेकंद वा अधिक सपाट झाली आणि छाती-पोटाच्या रेषा मात्र हलत राहिल्या, तर घसा मिटला आहे आणि शरीर श्वासासाठी झुंजत आहे. तिन्ही रेषा एकदम निजल्या, तर श्वास घेण्याचा हुकूमच मेंदूकडून सुटलेला नाही. श्वास हळूहळू वाढत जाऊन पुन्हा मावळतो, मग थांबतो, अशी लाट पुनःपुन्हा दिसली, तर डॉक्टरांना अवश्य दाखवावी. हृदय दुर्बळ असलेल्यांत ती आढळते आणि उपचाराची दिशाच त्याने बदलू शकते. प्राणवायूची रेषा श्वास थांबल्यावर काही सेकंदांनी उतरते, त्याने गोंधळू नये. ती एकदम शून्यावर कोसळली, तर बहुधा बोटावरचा चिमटा निसटलेला असतो. आमच्या घरी त्या एका उभ्या रेषेने पहिल्या संध्याकाळी सर्वांचे जेवण बेचव केले होते!

सीपॅप यंत्र वापरणाऱ्यांच्या घरी तर अशी नोंद रोजच होत असते. अनेक यंत्रांत एक लहान कार्ड असते, आणि 'ऑस्कर' या मोफत प्रोग्रॅममध्ये त्यावरील रात्री पाहता येतात: मास्कमधून हवा किती गळली, श्वास कधी अडला. पाहावे, टिपून ठेवावे, डॉक्टरांना दाखवावे. यंत्राचा दाब मात्र स्वतःच्या मनाने बदलू नये.

आता हक्काचे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार रुग्णाने वा त्याने अधिकार दिलेल्या नातेवाइकाने मागितल्यास वैद्यकीय कागदपत्रे ७२ तासांत द्यावयाची असतात, आणि आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपावयाच्या असतात. झोपेच्या फाइलीचा तेथे नामोल्लेख नाही. त्यामुळे खिडकीवर हुज्जत घालण्यापेक्षा उपचार करणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडलेला अर्ज अधिक लवकर काम करतो. शक्यतो चाचणीच्या आधीच सांगून ठेवावे. फाइली मोठ्या असतात आणि जागा कमी पडली की पुसल्याही जातात. अर्जात चाचणीची तारीख, नोंदणी क्रमांक, 'मूळ नोंद ईडीएफ स्वरूपात, तंत्रज्ञाच्या खुणांसह' एवढे शब्द लिहावेत, कोरा पेन ड्राइव्ह सोबत न्यावा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.