आभासी प्रोसेसरची चाचणी: ‘पास’ दिसलं म्हणजे झालं?

रायगड जिल्ह्यात पनवेलजवळ 2020 साली योटा कंपनीचं एनएम1 हे डेटा सेंटर सुरू झालं. 7,200 रॅक मावतील असा त्याचा आराखडा आहे. अशा ठिकाणी एकेका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन नांदतात. अलिबाग-मुरुडच्या होमस्टेचं ऑनलाइन बुकिंग होतं, तेव्हा त्यामागे बहुधा असंच एखादं मशीन असतं.

व्हर्च्युअल म्हणजे प्रोसेसरची नुसती नक्कल, असं अनेकांना वाटतं. वस्तुस्थिती वेगळी आहे. इंटेलने 2005 मध्ये आणि एएमडीने 2006 मध्ये प्रोसेसरमध्येच व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय केली. फेब्रुवारी 2007 मध्ये लिनक्स 2.6.20 बरोबर आलेला केव्हीएम, म्हणजे लिनक्समधला व्हर्च्युअल मशीन चालवणारा भाग, तीच सोय वापरतो. व्हर्च्युअल मशीनमधल्या, म्हणजे पाहुण्या सिस्टिमच्या बहुतेक सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर चालतात. त्याआधी मांडणी करावी लागते: कोणत्या सुविधा दिसाव्यात, पेज टेबल कुठे, पहिली सूचना कोणती, स्टॅक कुठे.

केव्हीएम तपासणाऱ्या चाचण्यांनाही ही मांडणी करावी लागते. ती म्हणजे ठरावीक ओळी, जुन्या फाइलमधून उचलल्या की काम झालं, हा दुसरा गैरसमज. या चाचण्यांमध्ये 2023 साली झालेली एक दुरुस्ती तो खोडून काढते. एक्स86-64 च्या नियमानुसार फंक्शन सुरू होताना स्टॅक पॉइंटरमध्ये 8 मिळवले, तर बेरजेला 16 ने पूर्ण भाग जायला हवा; कारण नेहमीच्या कॉलमध्ये परतीचा 8 बाइटचा पत्ता आधीच स्टॅकवर ठेवलेला असतो. चाचणी मात्र आभासी प्रोसेसरला थेट फंक्शनच्या तोंडाशी आणून सोडत होती. कॉल झालेलाच नव्हता, त्यामुळे पॉइंटर 8 बाइटने चुकला. कंपायलर नियमावर विसंबतो आणि 16 च्या पटीतला पत्ता मागणारी सूचना वापरतो. तशी सूचना आली की पाहुणा कोड कोसळतो. येत नाही तोवर सगळं सुरळीत दिसतं. केव्हीएम निर्दोष होता, चूक चाचणीच्या तयारीत होती.

अशी चूक चाचणी नुसती चालवून सापडेलच असं नाही. चाचणीचा कोड वाचावा लागतो.

‘पास’ म्हणजे तपासणी झाली, हा गैरसमज सर्वांत घातक. पाहुण्या कोडमधली अट मोडली, तर तो यजमान प्रोग्रामला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या चाचणीला, तसा निरोप धाडतो. यजमानाने तो निरोप तपासलाच नाही, तर दोष असूनही निकाल ‘पास’ येऊ शकतो. म्हणून चाचणीचा रिव्ह्यू करताना एक प्रश्न विचारायलाच हवा: केव्हीएममधली संबंधित दुरुस्ती काढून टाकली, तर ही चाचणी नापास होते का? लेखकाने तसं करून पाहिलं नसेल, तर पॅच परत पाठवणंच योग्य.

लिनक्समध्ये ‘टेस्टेड-बाय’ आणि ‘रिव्ह्यूड-बाय’ या नोंदी वेगळ्या आहेत. पहिली चालवून पाहिल्याची, दुसरी वाचून तांत्रिक मत दिल्याची.

हे काम मोठ्या कंपन्यांतल्या जाणकारांचंच, असंही नाही. कोड खुला आहे. लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातल्या विद्यार्थ्यालाही साध्या लिनक्स लॅपटॉपवर तो वाचता आणि चालवता येईल. फक्त बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन सुरू आहे ना, ते आधी पाहावं. ते बंद असेल, तर चाचण्या 4 हा कोड देऊन ‘स्किप’ होतात आणि काहीच तपासलं जात नाही.