गुंता आधी सोडवा, फणी मग धरा

घरच्या वस्तू : लेखांक १४

गेल्या आठवड्यात आरसा झाला. आरशाखालच्या फळीवर जी वस्तू हमखास पडलेली असते, ती आज घेऊ : दोन्ही बाजूंना दात असलेली, मुठीत मावणारी फणी. कोकणातल्या नाटेसारख्या गावातल्या दुकानातही शाम्पूच्या पुड्यांच्या माळेशेजारी ती टांगलेली असते. किंमत इतकी कमी की हरवली तरी कोणी शोधत बसत नाही. पण कुरळ्या केसांच्या मुलींच्या डोळ्यांतून या एवढ्याशा वस्तूनं जितकं पाणी काढलंय, तितकं घरातल्या दुसऱ्या कशानंही काढलं नसेल. अपवाद कांद्याचा, आणि कांदा या लेखमालेत बसत नाही.

फणीवर माझा राग नाही. तिच्या गळ्यात जे काम मारलं गेलं, त्याबद्दल तक्रार आहे. बारीक दातांची फणी गुंता सोडवायला केलेलीच नाही. ती उवा-लिखा हुडकायचं हत्यार आहे, आणि हे आजचं नाही. इस्राएलमध्ये लाखीश नावाच्या प्राचीन शहराचं उत्खनन चालू असताना २०१६ साली हस्तिदंताची एक छोटी फणी सापडली. लांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. पुढे तिच्यावर कोरलेली पुसट अक्षरं कोणाच्या तरी नजरेला पडली आणि २०२२ साली त्यांचं वाचन प्रसिद्ध झालं. केसांतल्या आणि दाढीतल्या उवा या दातानं निपटून निघोत, अशी ती इच्छा होती. फणी सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीची. तिचे दात कधीच मोडून गेलेत, पण बुंधे मोजता येतात. एका बाजूला सहा, जाड आणि विरळ. दुसऱ्या बाजूला चौदा, बारीक आणि दाटीवाटीचे. विरळ दात गुंत्यासाठी, बारीक दात उवांसाठी. दोन कामांची अशी वाटणी ज्यानं तेव्हा केली, त्याला केसातलं कळत होतं. आपण मात्र दोन्हीकडे बारीकच दात असलेली फणी घेतो आणि तिच्याकडून दोन्ही कामं उरकून घेतो.

सरळ केसांवर हे खपून जातं, कुरळ्यांवर खपत नाही. त्याचं कारण केसाच्या घडणीत आहे. केसाच्या बाहेरच्या थरावर बारीक खवले असतात, मंगलोरी कौलांसारखे एकावर एक चढवलेले. त्यांचा उतार मुळाकडून टोकाकडे असतो. त्या दिशेनं बोट फिरवलं तर सरकतं, उलट फिरवलं तर अडतं. आता असं बघा, रोज आपले पन्नास ते शंभर केस गळतात. सरळ केसांतून ते खाली पडतात. कुरळ्या केसांत ते वळणांमध्येच अडकून राहतात, आडवेतिडवे होतात, आणि एकाचे खवले दुसऱ्याच्या खवल्यांत उलटे गुंततात. गुंता म्हणतात तो बराचसा हाच. त्यात कुरळा केस आडवा कापून पाहिला तर गोल नसतो, चपटा असतो, आणि प्रत्येक वळणावर तो जरा कमकुवत असतो. डोक्याच्या त्वचेतलं तेल सरळ केसावरून खाली उतरतं, कुरळ्यावर ते मुळाशीच राहतं. म्हणून टोकं कोरडी, आणि गुंताही टोकांकडेच जास्त.

अशा केसांत मुळापासून फणी घातली की दोन-तीन इंच ती बरी जाते. मग वाटेतले सगळे सैल फास गोळा करत, ते खाली दाबत, शेवटी त्यांची एकच घट्ट गाठ करून थांबते. तिथे आपण जोर लावतो. गाठ सुटत नाही, केस तुटतो.

तुटला की गळला, हे फणीत अडकलेल्या केसांकडे पाहून कळतं. उजेडात धरावं. लांब केस असेल आणि एका टोकाला पांढरा बारीक ठिपका असेल, तर तो आपल्या वेळेनं गळालेला आहे, त्याची काळजी नको. आखूड तुकडा आणि दोन्ही टोकं सारखीच, तर तो तुम्ही तोडला आहे.

गुंता वाढण्यात नाटे गावाच्या हवेचाही वेगळा हिस्सा आहे. राजापूरच्या खाडीच्या मुखाशी, यशवंतगडाच्या पायथ्याला वसलेलं हे गाव. पलीकडे जैतापूर, समुद्राच्या अंगाला आंबोळगड. वाऱ्यात बारमाही खार. माणसाचा केस हवेतलं पाणी ओढून घेतो. हवा पूर्ण दमट असेल तर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत. स्वित्झर्लंडच्या द सोस्यूर या शास्त्रज्ञानं अठराव्या शतकात हवेतला दमटपणा मोजायचं यंत्रच मुळी माणसाच्या केसावर केलं होतं. केस दमटपणानं लांबतो, कोरडेपणानं आखडतो, आणि त्याला बांधलेला काटा हलतो. त्यात मिठाची भर पडली की विचारू नका. हवेतला दमटपणा पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर गेला की मीठ स्वतःच पाझरायला लागतं. पावसाळ्यात मिठाची बरणी काय होते हे कोकणातल्या बाईला सांगायला नको. तेच केसावर होतं. जूनपासून गणपतीपर्यंत केस धुऊनही चिकट राहतात, वाळत नाहीत, आणि ओलेच वेणीत कोंबले जातात. थंडीत उलट. दुपारच्या कोरड्या वाऱ्यात तेच मीठ केसावर खडबडीत होऊन बसतं. बंदरावर दिवस काढून आलेल्या बाईच्या केसांत फणी घालणं म्हणजे खरखरीत पृष्ठभागावर दात घासणं. आधी साधं गोडं पाणी ओतायचं, मीठ जाऊ द्यायचं, मग पुढचं. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर शेवटचा तांब्या तरी गोड्या पाण्याचा.

सकाळची शाळेची घाई कोणत्याही वाडीत पाहावी. आई ओटीच्या कठड्यावर, मुलगी खालच्या पायरीवर, पाठ करून. डाव्या हातात केसांचा झुपका, उजव्या हातात फणी, दातांत रिबिनीचं टोक. फणी टाळूपासून सुटते आणि कानामागे येऊन अडते. मुलीची मान मागे जाते. "आये, हळू गो!" आई हळू करत नाही, कारण एसटी हळू करत नाही. मग दोन घट्ट वेण्या, इतक्या घट्ट की भुवया वर जाव्यात. या घट्टपणाचाही हिशेब होतो. वर्षानुवर्षं ताणून बांधलेल्या वेण्यांनी कपाळावरची आणि कानाजवळची केसांची रेघ मागे सरकते, आणि फार उशीर झाला तर तिथले केस परत येत नाहीत. शाळेला दोन वेण्या हव्यात, त्या घट्टच हव्यात असं कुठल्या नियमात लिहिलेलं नसतं.

खरं तर गुंता सोडवायचं काम शाळेच्या सकाळी करूच नये. कुरळ्या केसांना ते रोज लागत नाही. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, न्हायच्या दिवशी, हाताशी अर्धा तास असताना करावं.

इथे एक जुना उपदेश आडवा येतो : ओल्या केसांवर कंगवा फिरवू नये. सरळ केसांपुरता तो बरोबर आहे. ओला केस जास्त ताणला जातो आणि त्या ताणात दुखावतो. पण दाट कुरळ्या केसांचं गणित उलटं आहे. ते कोरडे असताना एकमेकांत अडकून बसलेले असतात, ओले झाले की वळणं सैल होतात, आणि कंगव्याला लागणारा जोर कमी होतो. मात्र नुसतं पाणी पुरत नाही, बुळबुळीतपणा हवा. कंडिशनर सढळ हातानं लावावं. ते नसेल तर खोबरेल.

खोबरेलाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण आपल्याकडे ते श्रद्धेनं लावतात आणि त्यामागचं कारण ठाऊक नसतं. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या रेळे आणि मोहिले या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची केसांवर तुलना प्रसिद्ध केली. धुण्या-विंचरण्यात केसातलं प्रथिन निघून जातं, ते तिघांपैकी खोबरेलानंच कमी झालं. त्यातलं लॉरिक आम्ल आकारानं लहान आणि सरळ असल्यानं केसाच्या आत शिरतं. बाकीची दोन वरवर राहतात. मॅरिको ही खोबरेल विकणारी कंपनी आहे हे ध्यानात ठेवूनच हे वाचावं. पण मापन चोख आहे, आणि न्हाण्याच्या आदल्या रात्री तेल लावायची आपली रीत त्यात बसते. आज्या तेल लावून मगच फणी धरत, हे त्यांचं बरोबर होतं. टाळूपासून ओढत, हे चूक.

तर ओल्या, बुळबुळीत केसांचे आधी चार भाग करावेत, फार दाट असतील तर सहा, आणि एकेक भाग सोडून बाकीचे चिमट्यात अडकवावेत. पहिलं हत्यार बोटं. बोटाला गाठ कुठे आहे ते कळतं, दाताला कळत नाही. मोठे गुंते बोटांनीच दोन्हीकडे फाकवून सोडवावेत. मग विरळ, जाड दातांचा कंगवा, आणि तो टोकापासून. शेवटची दोन इंच मोकळी झाली की त्याच्या वरची दोन, मग त्याच्या वरची. दुसऱ्या हातानं गुंत्याच्या वर केस मुठीत घट्ट धरावा, म्हणजे ओढ मुठीवर येते, टाळूवर येत नाही. ही एक गोष्ट जरी केली तरी पोरीचं रडणं थांबतं. कंगवा घेताना दातांच्या मधून नख फिरवून पाहावं. साच्यातून काढलेल्या स्वस्त प्लास्टिकला दाताच्या कडेनं एक धारदार रेघ असते. ती केसाचे खवले खरवडते. लाकडाच्या किंवा शिंगाच्या घासून गुळगुळीत केलेल्या दातांना ती नसते. कुरळे केस आफ्रिकेतल्या लोकांना आपल्याहून जास्त ठाऊक. त्यांचे कंगवे लांब आणि विरळ दातांचेच. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयानं २०१३ साली त्यांच्या सहा हजार वर्षांच्या परंपरेचं प्रदर्शन भरवलं होतं. आपल्या शेजारी, हल्याळ-यल्लापूरच्या रानातल्या सिद्दी घरांतही असेच केस आहेत, आणि बाजारातली बारीक फणी तिथे निरुपयोगीच.

विरळ कंगवा मुळापासून टोकापर्यंत कुठेही न अडता गेला की गुंत्याचं काम संपलं. डोक्यात उवा नसतील तर फणी फळीवरच राहू द्यावी. असतील, तर आता तिची वेळ.

उवांसाठी फणी ही फार चांगली वस्तू आहे, फक्त चिकाटी लागते. कंडिशनर केसांत तसंच ठेवायचं. त्यात ऊ चटकन पळू शकत नाही. अंगठ्याएवढी रुंद बट घ्यायची, फणीचे दात टाळूला हलके टेकवायचे, आणि एका दमात टोकापर्यंत न्यायची. प्रत्येक वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसून पाहायचं. टाळूवर दात रुतवायचे नाहीत, तिथली खाजवलेली जखम आधीच पिकायच्या बेतात असते. लिखा केसाला मुळाशी चिकटवलेल्या असतात आणि सात ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून एका रविवारी फणी करून भागत नाही. तीन-चार दिवसांच्या अंतरानं दोन आठवडे तरी करावं, आणि घरातल्या सगळ्यांची डोकी एकदमच पाहावीत. फणी कडकडीत पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवावी; प्लास्टिकची असेल तर उकळू नये, दात वाकतात.

दोन गोष्टी अजिबात नकोत. एक रॉकेल. उवा मारायला ते डोक्यावर चोळायची पद्धत अजून पुरती गेलेली नाही. त्यानं कातडी भाजते, आणि चूल पेटलेल्या घरात ते काय करू शकतं हे सांगायला नको. दुसरी सीताफळाच्या बियांची पूड. ऊ मरते हे खरं, पण ओघळ डोळ्यात गेला तर डोळ्याच्या काळ्या भागाला जखम होते. असे रुग्ण आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांनी पाहून नोंदवलेले आहेत. ऊ परवडली.

काही गुंते मात्र बोटं, कंगवा, फणी, कशालाच दाद देत नाहीत. महिनोन्‌महिने न धुतलेल्या, न विंचरलेल्या केसांचा नमद्यासारखा घट्ट दोर होतो, त्याला आपण जट म्हणतो आणि देवीचं बोलावणं मानतो. यल्लम्माच्या नावानं अशा जटा वाढवलेल्या मुलींना पूर्वी देवदासी म्हणून सोडलं जाई. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी दोनशेहून अधिक बायकांच्या जटा काढल्या आहेत. त्या आधी ब्यूटी पार्लर चालवत. तयार जट सोडवता येत नाही, ती कापावीच लागते. कात्रीचं काम थोडक्यात होतं. घरच्यांची समजूत घालायला त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो, कारण कापल्यावर कोप होईल ही भीती त्या बाईपेक्षा सासरला अधिक असते. जट पाठीवर वागवून मान दुखते, आत कोंडलेल्या ओलीनं टाळू कुजते, उवा होतात, आणि तरी ती कापायला कोणी धजत नाही.

तिथवर जायची वेळ बहुतेकदा एका साध्या आजारपणातून येते. पंधरा दिवस तापानं अंथरुणाला खिळलेली किंवा नुकतीच बाळंत झालेली बाई, केस कुरळे, उशीवर डोकं घासलं गेलेलं. मानेच्या मागे तळहाताएवढा गोळा होतो. घरातलं कोणीतरी फणी घालून पाहतं, ती शिरत नाही, आणि मग हात जोडले जातात. हा गोळा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सुटतो. खोबरेल किंवा कंडिशनर मुरवायचं, कडेकडेनं बोटांनी एकेक बट मोकळी करत आत जायचं, एका बैठकीत नाही झालं तर उरलेलं दुसऱ्या दिवशी. त्याला हळदकुंकू वाहायची गरज नसते.