एक दूरध्वनी यंत्रणा, दोन संदेशपेट्या

कार्यालयाची वेळ संपल्यावर आलेला दूरध्वनी कोणी उचलीत नाही. अशा वेळी बोलणाऱ्याचा निरोप ध्वनिमुद्रित करून ठेवणारी सोय म्हणजे व्हॉइस मेल. अमेरिकेतील गॉर्डन मॅथ्यूज यांना या पद्धतीचे पेटंट १९८३ साली मिळाले. हे निरोप ज्या संगणकात साठविले जातात त्यास सर्व्हर म्हणतात.

एरवी एका कार्यालयास एक सर्व्हर पुरतो. परंतु दोन कार्यालये एका इमारतीत आली, किंवा जुना सर्व्हर टप्प्याटप्प्याने बदलावयाचा असला, की दोन्ही सर्व्हर एकाच ईपीएबीएक्सला जोडून काही काळ चालवावे लागतात. प्रत्येक सर्व्हरला स्वतंत्र प्रवेश-क्रमांक द्यावयाचा आणि कोणत्या एक्स्टेन्शनचा न उचललेला कॉल कोणत्या सर्व्हरकडे वळवावयाचा, याची नोंद यंत्रणेत करावयाची. एवढ्यावर काम संपले असे पुष्कळांना वाटते. खरी मेख पुढेच आहे.

वळविलेल्या कॉलबरोबर मूळ कोणता क्रमांक फिरविला होता, ही माहितीही सर्व्हरला पोहोचावी लागते. जुन्या यंत्रणांत त्यासाठी बहुधा वेगळी केबल असे. आजच्या इंटरनेट पद्धतीच्या दूरध्वनीत ती माहिती कॉलच्या संदेशातच येते. ती न आल्यास सर्व्हर बोलणाऱ्यालाच पेटीचा क्रमांक विचारतो, आणि खेड्यातून दाखल्याची चौकशी करणाऱ्या माणसास तो कोठून ठाऊक असणार? त्यातही साहेबांचा दूरध्वनी स्वीय सहायकाकडे वळविलेला असेल, तर यंत्रणा दोन्ही क्रमांक कळवू शकते. निरोप पहिल्याच्या पेटीत ठेवावा की शेवटच्या, हे सर्व्हरच्या मांडणीवर अवलंबून असते. दोन सर्व्हरांची मांडणी भिन्न असली, तर एका शाखेतील निरोप साहेबांना मिळतात आणि दुसरीतील सहायकाच्या पेटीत पडून राहतात.

दूरध्वनीवरील लाल दिव्याची गोष्ट याहून नाजूक आहे. निरोप आला की सर्व्हर यंत्रणेस दिवा लावण्याची सूचना देतो आणि तो ऐकला गेला की विझविण्याची. सर्वसाधारणपणे एका एक्स्टेन्शनला दिवा एकच असतो व शेवटची सूचना पाळली जाते. त्याच क्रमांकाची पेटी दोन्ही सर्व्हरांत राहिली, तर जुन्यातील निरोप ऐकताच दिवा विझतो आणि नव्यातील न ऐकलेला निरोप अंधारात राहतो. प्रस्तुत लेखकाने एका कार्यालयात असा निरोप तीन आठवड्यांनी उघडकीस आलेला पाहिला आहे. तोवर अर्जाची मुदत टळून गेली होती.

म्हणून एका क्रमांकाची पेटी एकाच सर्व्हरवर असावी, हा नियम कसोशीने पाळावा लागतो. जुन्या पेटीतील निरोप सहसा आपोआप नव्या पेटीत जात नाहीत. ते ऐकून, टिपून घेतल्यावरच ती पेटी बंद करावी. निरोप ऐकण्याचे बटणही नव्या सर्व्हरच्या क्रमांकाशी जोडावे. एका सर्व्हरवरील निरोप दुसऱ्यावरील सहकाऱ्याकडे धाडावयाचा, तर दोहोंस मान्य असा संकेत हवा. व्हीपीआयएम हा तसा एक संकेत असून त्यात निरोप ई-मेलच्या रूपाने जातो.

कोणती पेटी कोठे आहे याची यादी एकाच कर्मचाऱ्याच्या स्वाधीन असावी आणि बदलीच्या वेळी कार्यभाराबरोबर ती रीतसर सोपविली जावी. तपासणी मात्र शेजारच्या टेबलावरून करू नये. बाहेरच्या दूरध्वनीवरून क्रमांक फिरवावा, घंटा वाजू द्यावी, योग्य व्यक्तीचे नाव ऐकू येते की नाही ते पाहावे, निरोप ठेवावा आणि मग आत येऊन दिवा लागला आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे.