कंसातली नोंद

कद्रा मागे टाकून घाट चढला की अणशी लागते. उधारीच्या वह्या फार वर्षांपूर्वीच संगणकात उतरविलेल्या तेथील एका दुकानदाराने एका दुपारी दहा वर्षांच्या जुन्या नोंदी चिकाटीने रद्द केल्या, आणि तरीही फाइलीचा आकार तसूभरही घटला नाही हे पाहून ‘मास्तर, यंत्र खोटं बोलतं’ असा निवाडा देऊन टाकला.

यंत्र खोटे बोलत नव्हते. नोंद रद्द केली की तिची जागा मोकळी होते, हा समज मात्र चुकीचा होता. आणि तो अणशीत जितका दृढ आहे तितकाच मुंबईच्या पेढ्यांतही आहे.

सातबारा ज्याने पाहिला आहे त्यास वस्तुस्थिती उमगण्यास सायास पडू नयेत. फेरफार मंजूर झाला म्हणून तलाठी जुन्या खातेदाराचे नाव खरवडून काढीत नसे. तो त्याला कंस करी, आणि ते नाव, कायद्याच्या दृष्टीने निष्प्राण परंतु डोळ्यांना स्वच्छ दिसणारे, दहा वर्षांनी होणाऱ्या पुनर्लेखनापर्यंत कागदावर आपली जागा अडवून बसे. दुकानदाराच्या वह्या ज्या प्रणालीत उतरल्या होत्या त्या फॉक्सप्रोच्या फाइलीत हेच घडते. प्रत्येक नोंदीच्या आरंभी एक बाइट राखलेला असतो. नोंद रद्द होताच तेथे तारकेची खूण उमटते आणि पुढचा मजकूर जसाच्या तसा राहतो. ‘रिकॉल’ म्हटले की तारका जाते व नोंद पुन्हा सजीव होते. जागा हवी असेल तर ‘पॅक’ ही आज्ञा द्यावी लागते, आणि तिचे काम म्हणजे पुनर्लेखनच: कंसाबाहेरच्या तेवढ्या नोंदी नव्याने उतरवून जुनी फाइल मोडीत काढणे.

यातूनच दुसरा गैरसमज उघडा पडतो, आणि माझ्या मते तो अधिक घातक आहे. रद्द केलेली माहिती नष्ट झाली अशा समजुतीने जुना संगणक निर्धास्तपणे विकणारा गृहस्थ आपले कंसातले सारे खातेदार अपरिचिताच्या स्वाधीन करीत असतो.

उलटपक्षी, अडकलेली प्रत्येक जागा वायाच गेली असेही नव्हे. या मुलखातील कुणबी पूर्वी कुमरी करीत. रानाचा तुकडा पिकवून पडीक टाकीत आणि काही वर्षांनी त्याच तुकड्याकडे परतत. पोस्टग्रेस या प्रणालीची रीत तशीच आहे. तिचा साधा ‘व्हॅक्यूम’ मृत नोंदींची जागा नव्या नोंदींसाठी खुली करतो, परंतु फाइलीच्या शेवटची पाने पूर्ण रिकामी असल्याखेरीज डिस्कला सहसा काही परत करीत नाही. 2008 सालच्या 8.3 आवृत्तीपासून हे काम मुळातच आपोआप चालते. ज्या पेढीत जितक्या नोंदी जातात तितक्याच येतात, तिने या फाइलीला हात न लावणे उत्तम. रोज रात्री फाइल आक्रसून घेण्याची कित्येक कचेऱ्यांतील हौस तर निव्वळ उपद्रव होय: एसक्यूएल सर्व्हर या प्रणालीत तिने अनुक्रमणिका विस्कळीत होतात, आणि फाइल पुन्हा पूर्वीइतकी वाढते.

फॉक्सप्रो मात्र पडीक जागा आपण होऊन पुन्हा लागवडीस घेत नाही, आणि तिची फाइल 2 गिगाबाइटांपलीकडे जात नाही. म्हणून आमच्या दुकानदारास ‘पॅक’ अटळ होते. डिस्क काठोकाठ भरल्यावर ते करू, हा त्याचा बेत मात्र मोडावा लागला, कारण पुनर्लेखनास नव्या प्रतीपुरती जागा आधी लागते. एसक्यूलाइट या प्रणालीच्या ‘व्हॅक्यूम’ला तर मूळ फाइलीच्या दुपटीपर्यंत मोकळी जागा लागू शकते. शिवाय काम अर्धवट असताना वीज गेली तर फॉक्सप्रोची फाइल बिघडण्याचा संभव असतो, आणि घाटातल्या पावसाळ्यात विजेचा भरवसा कोणी द्यावा? तेव्हा फाइलीची प्रत वेगळ्या डिस्कवर काढली, पाऊस ओसरू दिला, आणि एका कोरड्या सकाळी आम्ही कामास बसलो.

आज्ञा देण्यापूर्वी त्याने माझा हात धरला आणि कंसातले एक नाव ‘रिकॉल’ करावयास लावले. त्या खातेदाराकडून येणे बाकी होते, आणि तो चतुर्थीला गावी येणार होता.